जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि वालावरचा मावा पुन्हा पुन्हा का येतो : कीटकाच्या आतल्या जिवाणूंपासून सुरू होणारा तपास

पुण्यातल्या गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या बागा सांभाळणाऱ्यांकडून एक तक्रार वर्षभर आणि जवळपास सारख्याच शब्दांत ऐकू येते. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचा पांढरा थर दिसतो, कडुनिंबाच्या तेलाची फवारणी होते, झाड आठवडाभर स्वच्छ दिसते आणि मग तोच थर त्याच बेचक्यांतून पुन्हा डोके वर काढतो. वाल, चवळी आणि शेवंतीवरच्या काळ्या माव्याचेही असेच होते. त्यानंतर दुकानातून अधिक जहाल औषध आणले जाते, कीड काही दिवस जाते, पुन्हा येते आणि अखेरीस कंटाळून झाडच उपटले जाते.

या तक्रारीसोबत येणारा प्रश्न बहुधा 'आता कोणते औषध मारू' असा असतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात : कीड किती दिवसांनी परतली आणि झाडाच्या कोणत्या भागावर परतली. या दोन उत्तरांवरून कारण बरेचसे ओळखता येते. मात्र ते ओळखण्यासाठी या कीटकांचे पोट कशावर भरते आणि त्यांच्या शरीरात कोण राहते, हे आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे; कारण रस शोषणाऱ्या किडींचा चिवटपणा, आणि त्यांच्या काही उणिवासुद्धा, तिथेच दडलेल्या आहेत.

रसावर जगणे म्हणजे काय

वनस्पतीच्या रसवाहिन्यांतून वाहणारा रस हे मुख्यतः साखरेचे पाणी असते. त्यात ऊर्जा भरपूर असते. परंतु प्रथिने बांधण्यासाठी लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी जी दहा प्राण्यांना स्वतः तयार करता येत नाहीत आणि म्हणून आवश्यक मानली जातात, ती या रसात फारच तुटपुंजी असतात. एवढ्या एकांगी आहारावर प्राण्याची वाढ खुंटायला हवी. तरीही मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड आणि सायला (उड्या मारणारी चिमुकली कीड) यांचे सगळे आयुष्य याच रसावर जाते. हवी ती अमिनो आम्ले मिळवण्यासाठी हे कीटक भरमसाट रस ओढतात आणि जास्तीची साखर गोड चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. पानांवर हा चिकटा साचला की त्यावर काळी बुरशी वाढते, आणि झाडाखाली ठेवलेल्या गाडीच्या काचेवर बारीक चिकट ठिपके पडतात, तेही यामुळेच.

पण केवळ जास्त रस पिऊन ही तूट भरून निघत नाही. ती भरून काढतात कीटकाच्या शरीरात राहणारे सहजीवी जिवाणू. माव्याच्या पोटात आतड्याजवळ मोठ्या आकाराच्या खास पेशींचा समूह असतो आणि त्या पेशी जिवाणूंनी गच्च भरलेल्या असतात. थॉमस हक्सले यांनी १८५८ मध्ये या अवयवाचे वर्णन केले होते, परंतु त्याच्या आत जिवाणू आहेत हे त्या वेळी कळलेले नव्हते. १९१० मध्ये इटलीतील उंबेर्तो पिएरांतोनी आणि चेक संशोधक कारेल शुल्त्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते ओळखले. पुढे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल बुखनर यांनी कीटकांतील अशा सहजीवनाच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. माव्यातील जिवाणूला १९९१ मध्ये त्यांच्याच नावावरून बुखनेरा असे नाव देण्यात आले.

जपानमधील संशोधकांनी २००० साली बुखनेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा या नात्याची खोली स्पष्ट झाली. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचा असतो. बुखनेराचा केवळ ६,४०,६८१ अक्षरांचा निघाला. स्वतंत्र जगण्यासाठी लागणारी बहुतेक जनुके त्याने गमावलेली आहेत, मात्र माव्याला हवी असलेली आवश्यक अमिनो आम्ले तयार करणारी जनुके जपून ठेवली आहेत. उलट जी अमिनो आम्ले मावा स्वतः बनवू शकतो, ती बनवण्याची जनुके बुखनेराकडे जवळजवळ उरलेली नाहीत. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे. त्यामुळे हा जिवाणू प्रयोगशाळेतील बशीत एकटा वाढत नाही आणि त्याच्याशिवाय मावाही धड वाढत नाही.

पिठ्या ढेकणातली व्यवस्था याहून विलक्षण आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील प्लॅनोकोकस सिट्री या पिठ्या ढेकणात ट्रेम्ब्लाया नावाचा जिवाणू असतो आणि त्या जिवाणूच्या पेशीच्या आत मोरानेला नावाचा दुसरा जिवाणू राहतो, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. ट्रेम्ब्लायाचा जनुकसंच जेमतेम १ लाख ३९ हजार अक्षरांचा आहे. एकेका अमिनो आम्लाची घडण दोन जिवाणू आणि यजमान कीटक यांच्यात वाटली गेलेली असते. काही टप्पे एक जिवाणू पार पाडतो, काही दुसरा, आणि काही कीटकाच्या स्वतःच्या जनुकांकडून होतात. पांढऱ्या माशीत पोर्टिएरा आणि सायलात कार्सोनेला हे जिवाणू अशीच कामे करतात. एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या किडीच्या आत इतकी काटेकोर वाटणी चालू असते, ही गोष्ट मला आजही थक्क करते, आणि ज्यांच्या घरी साधा सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी मिठाच्या सौम्य पाण्यात एक मावा उघडून त्या मोठ्या गोलसर पेशी एकदा तरी पाहाव्यात, असे मनापासून सुचवावेसे वाटते.

एक मादी उरली तरी

आता मूळ तक्रारीकडे वळू. हे जिवाणू कीटकाला हवेतून, मातीतून किंवा झाडातून मिळत नाहीत. ते आईकडून मिळतात. माव्यात भ्रूण आईच्या पोटात असतानाच जिवाणू त्यात शिरतात आणि पिठ्या ढेकणात ते अंड्यांत पोहोचतात. लेकीला आईने शिदोरी बांधून द्यावी तसे हे आहे, आणि ही शिदोरी कोट्यवधी वर्षे पिढ्यान्‌पिढ्या तुटलेली नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की फवारणीतून वाचलेली मादी नव्याने काहीच जमवत नाही. चांगले अन्न शोधणे किंवा जिवाणू मिळवणे या अडचणी तिला नसतात; ती ज्या डहाळीवर उरली त्याच डहाळीवर तिचा संसार पुन्हा सुरू होतो.

माव्याच्या बाबतीत तर तिला नरही लागत नाही. आपल्याकडच्या उबदार हवामानात मावा वर्षभर नराशिवायच प्रजनन करत राहतो. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. अनुकूल हवेत एक पिल्लू सुमारे आठवड्याभरात प्रौढ होते. शंभरातले नव्व्याण्णव मारणारे औषध ऐकायला उत्तम वाटते, परंतु उरलेल्या एका मादीपासून तीन आठवड्यांत शेंडा पुन्हा काळा होण्यास कोणतीही आडकाठी नसते. पिठ्या ढेकणात बहुतेक जातींना नर लागतो, पण एकदा मीलन झालेली मादी मेणकट कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालू शकते, आणि ती पिशवी पाण्यातून फवारलेल्या औषधाला आत जाऊ देत नाही.

परत कधी आली आणि कुठे आली

फवारणीनंतर आठवड्याभरात कीड दिसली आणि ती जुन्याच बेचक्यांत, पानाच्या देठाशी किंवा कळीच्या पाकळ्यांखाली दिसली, तर ती बाहेरून आलेली नाही. तिथल्या अंड्यांच्या पिशव्या वाचल्या होत्या आणि त्यांतून नवी पिल्ले निघाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. नुकतीच अंड्यातून निघालेली ही पिल्ले फिकट गुलाबी किंवा पिवळसर असतात, त्यांच्यावर मेण जवळजवळ नसते आणि ती भराभर चालतात. साबणाचे पाणी याच अवस्थेत सर्वांत प्रभावी ठरते. म्हणजे औषध निरुपयोगी ठरलेले नसते, दुसरी फवारणी वेळेवर झालेली नसते.

तीन-चार आठवड्यांनी आणि अगदी नव्या पालवीवर कीड दिसली, तर ती बाहेरून आलेली असण्याची शक्यता अधिक. पंख असलेला मावा वाऱ्याबरोबर येतो. पिठ्या ढेकणाची पिल्ले वाऱ्याने, कपड्यांना चिकटून आणि मुंग्यांच्या साहाय्याने पसरतात. अशा वेळी आपल्या झाडाऐवजी आजूबाजूला पाहावे. इमारतीशेजारच्या मोकळ्या भूखंडावर गाजर गवत माजलेले असेल तर त्याची खोडे अवश्य तपासावीत. १९५० च्या दशकात पुण्यातच ज्याची भारतातील पहिली दखल घेतली गेली ते हे गवत, कपाशीवर येणाऱ्या फिनाकोकस सोलेनॉप्सिस या पिठ्या ढेकणाचे आवडते आश्रयस्थान आहे. जानेवारीत, पुष्पप्रदर्शनांच्या दिवसांत, नवी रोपे घेण्याचा उत्साह असतो, तेव्हा कोणत्याही रोपवाटिकेतून आणलेले रोप निदान तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे आणि मगच रांगेत लावावे.

तिसरी स्थिती फसवी असते. पाने स्वच्छ आहेत, तरीही झाड मलूल आहे, पाणी घालूनही टवटवी येत नाही आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून मुंग्या ये-जा करताना दिसतात. अशा वेळी झाड मातीच्या गोळ्यासह हलकेच उपसून मुळे पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर कीड जमिनीखाली आहे, आणि पानांवर कितीही फवारले तरी तिला काहीही होणार नाही. कुंडीच्या काठाखालची कड आणि स्टँडचे जोड या जागाही अशाच दुर्लक्षित राहतात.

या सर्व स्थितींत मुंग्या व मुंगळे हा समान धागा आहे. त्यांना चिकटा हवा असतो. तो मिळावा म्हणून त्या किडीचे शत्रू हुसकावून लावतात. झाडावर मुंग्यांची रांग आहे आणि आपण केवळ किडीवर औषध मारत आहोत, अशी परिस्थिती असेल तर कीड परत येणार हे धरूनच चालावे.

खतामुळे येणारी परत

यानंतर खताचा विचार करावा, आणि इथे जिवाणूंची माहिती थेट उपयोगी पडते. बुखनेरा आवश्यक अमिनो आम्ले शून्यातून बनवत नाही. त्याला नत्राचा कच्चा माल लागतो, आणि तो माल म्हणजे रसातून मुबलक मिळणारी साधी, अनावश्यक गटातील अमिनो आम्ले. शिवाय माव्याच्या शरीरात तयार होणारा अमोनियासुद्धा फेकून न देता पुन्हा याच कामी लावला जातो. आपण कुंडीत युरिया, पेंडीचे पाणी किंवा १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत वारंवार दिले की झाडाच्या रसातील या नत्रयुक्त पदार्थांचे प्रमाण वाढते. पालवी लुसलुशीत होते आणि किडीच्या आतल्या कारखान्याला कच्चा माल वाढीव मिळतो. मावा जलद वाढतो.

कीड लागली म्हणून झाडाला ताकद यावी या सद्हेतूने खत देण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर सर्वप्रथम ही पद्धत थांबवावी. कीड पूर्ण आटोक्यात येईपर्यंत नत्रयुक्त खत देऊ नये, छाटणीनंतर तर नाहीच नाही, कारण छाटणीनंतर फुटणारी कोवळी पालवी हेच या किडींचे सर्वांत आवडते ठिकाण असते. पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मर्यादित प्रमाणात चालू ठेवण्यास हरकत नाही.

जिवाणूच मारले तर काय

कीटक जिवाणूंवर इतका अवलंबून आहे हे कळल्यावर प्रतिजैविकांची कल्पना अनेकांना सुचते, आणि माणसांच्या औषधाची कॅप्सूल पाण्यात विरघळवून झाडावर फवारण्याचा सल्लाही अधूनमधून कानावर येतो. हे करू नये. प्रयोगशाळेत क्लोरटेट्रासायक्लिन किंवा रिफॅम्पिसिन देऊन माव्यातील बुखनेरा नाहीसे करता येतात आणि असे मावे खुरटतात, त्यांना पिल्ले होत नाहीत किंवा नाममात्र होतात, हे खरे आहे. परंतु तिथे औषध कृत्रिम आहारातून किंवा टोचून थेट कीटकाच्या शरीरात दिले जाते. पानावर फवारलेले औषध रसवाहिनीत पुरेशा प्रमाणात उतरेल, तिथून किडीच्या पोटात आणि पुढे पेशीच्या आत बसलेल्या जिवाणूंपर्यंत पोहोचेल, याची शाश्वती नाही. शिवाय जिवाणू गेले तरी कीड तत्काळ मरत नाही, ती रस शोषतच राहते. दरम्यान मातीतील आणि पानांवरील असंख्य अन्य जिवाणूंवर मात्र त्या औषधाचा परिणाम होतो, त्यांच्यात प्रतिजैविकांना दाद न देणारे प्रकार वाढीस लागतात, आणि माणसांच्या उपचारांसाठी लागणारी औषधे निकामी होण्यात आपल्या गच्चीचा हातभार लागतो. जास्वंदीच्या एका झाडासाठी ही किंमत मोजणे मला कोणत्याही हिशेबाने योग्य वाटत नाही.

जिवाणू आणि कीटकनाशके यांच्या नात्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शेंगांतील रस शोषणारा रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस हा ढेकूण माव्याप्रमाणे आईकडून जिवाणू घेत नाही. त्याची पिल्ले प्रत्येक पिढीत मातीतून बर्कहोल्डेरिया गटातील जिवाणू उचलतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की ज्या मातीत फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक वारंवार टाकले गेले, तिथे ते औषध पचवणारे जिवाणू वाढतात, आणि असे जिवाणू मिळालेल्या ढेकणांना ते औषध तितकेसे बाधत नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यातील औषधरोधकता मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या जनुकांतील बदलांमुळे येते, त्यामुळे हे उदाहरण त्यांना जसेच्या तसे लावू नये. तरीही एकच औषध त्याच कुंडीत महिनोन्‌महिने ओतत राहण्याविरुद्ध ते पुरेसे ठोस कारण आहे.

मित्रकीटक का हरतात आणि केव्हा जिंकतात

बुखनेरासारख्या अनिवार्य जिवाणूंखेरीज काही कीटकांत ऐच्छिक जिवाणूही असतात. सगळ्या माव्यांत ते नसतात, पण ज्यांच्यात असतात त्यांना विशेष फायदा होतो. वाटाण्यावरील माव्यात हॅमिल्टोनेला डिफेन्सा नावाचा जिवाणू असला तर माव्याच्या शरीरात अंडे घालणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीचे पिल्लू आतल्या आत मरते, हे २००३ मध्ये दिसून आले. हे संरक्षण त्या जिवाणूत शिरलेल्या एका विषाणूच्या विषामुळे मिळते, असे पुढील संशोधनात आढळले. त्याच माव्यातील रेजिएला हा दुसरा जिवाणू एका रोगकारक बुरशीपासून संरक्षण देतो. हे प्रयोग परदेशातील वाटाण्याच्या माव्यावर झालेले आहेत. आपल्या चवळीवरच्या काळ्या माव्यातही हॅमिल्टोनेला काही ठिकाणी आढळला आहे, आणि तो काही जातींच्या गांधीलमाशांपासून वाचवतो तर काहींपासून नाही.

यातून बागेसाठी घेण्यासारखा धडा असा की एकाच प्रकारच्या शत्रूवर विसंबू नये. मावा अख्खा खाऊन टाकणाऱ्या ढालकिड्यापासून, सिरफिड माशीच्या अळीपासून किंवा क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळीपासून हॅमिल्टोनेला त्याला वाचवू शकत नाही. पश्चिम महाराष्ट्रात २००२ पासून उसावर लोकरी माव्याचे जे संकट आले, ते आटोक्यात येण्यात डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांचा मोठा वाटा होता, आणि पुणे जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना त्यांची नावे आजही पाठ असतात. परजीवी गांधीलमाशाही योग्य जोडी जुळली तर अतिशय प्रभावी ठरतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि लवकरच पुणे परिसरातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही गांधीलमाशी आणून सोडण्यात आली आणि फवारण्यांना दाद न देणारी कीड तिने खाली आणली.

म्हणून फवारणीपूर्वी भिंग घेऊन झाड पाहावे. माव्याच्या थव्यात फुगलेले, तपकिरी किंवा सोनेरी, निश्चल आणि कागदी दिसणारे मावे असतील, त्यांपैकी काहींच्या पाठीवर गोल छिद्र असेल, तर गांधीलमाशी काम करत आहे; तिथे फवारू नये. पिठ्या ढेकणाच्या थरात इतरांपेक्षा मोठा, लांब पांढऱ्या मेणकट झिरमिळ्यांचा आणि झपाट्याने चालणारा किडा दिसला, तर तो बहुधा क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी दिसायला पिठ्या ढेकणासारखीच असल्याने सर्वांत आधी तीच चिरडली जाते. रुईवरच्या पिवळ्याधमक माव्यालाही हात लावू नये. तो रुई आणि कण्हेर यांच्या कुळातील झाडांवर जगतो, जास्वंदीवर किंवा वालावर येत नाही, आणि त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात.

उन्हाळ्यातले फसवे यश

औषध लागू पडले की नाही, हे ठरवताना महिना लक्षात घेणे फार आवश्यक आहे. पुण्यात माव्याचा जोर साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारीत, विशेषतः आभाळ आलेल्या दिवसांत असतो. एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांपुढे गेला आणि गच्चीची फरशी तापली की मावा आपोआप ओसरतो. यामागे अनेक कारणे आहेत, पण जिवाणू हे त्यांतले एक आहे. बुखनेरा उष्णतेला फार हळवा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वाटाण्यावरील माव्यातल्या बुखनेराच्या जनुकसंचात केवळ एका अक्षराचा फरक सापडला. तो फरक असलेले मावे लहानपणी काही तास ३५ अंशांत राहिले तर त्यांच्यातील जिवाणू जवळजवळ संपतात आणि त्यांना पिल्ले होत नाहीत, मात्र थंड हवेत तेच मावे इतरांपेक्षा सरस ठरतात. सहजीवनाची उणी बाजू ती हीच : जिवाणू कोमेजले की कीटकही कोमेजतो.

त्यामुळे मार्चअखेर मारलेल्या औषधाला जे यश मिळते, त्यातला बराच भाग हवामानाचा असतो, आणि तेच औषध डिसेंबरमध्ये 'या वेळी चालले नाही' असे वाटते. पिठ्या ढेकणाचे वेळापत्रक याच्या उलट आहे. फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या, उष्ण दिवसांत तो फोफावतो आणि जोरदार पावसाने धुऊन निघतो. जुलैतील स्वच्छ झाड पाहून त्यालाही औषधाचे फळ समजू नये.

प्रत्यक्ष काय करावे

पिठ्या ढेकणासाठी सुरुवात कात्रीने करावी. गोळा झालेले, वळलेले शेंडे छाटून लगेच साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवावेत. ते उघड्यावर ठेवले तर पिल्ले चालत परततात. उरलेल्या बेचक्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून घासाव्यात, कारण अंड्यांची पिशवी हाताने निघते तशी कोणत्याही फवारणीने निघत नाही. त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि ते मिसळण्यापुरता १ ते २ मिली द्रवरूप साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूंसह संपूर्ण झाड भिजवावे. आधी दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस थांबणे चांगले, काही झाडांची पाने साबणाने करपतात. हीच फवारणी सात-सात दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा करावी, मग मधल्या काळात झाड कितीही स्वच्छ दिसो. वाचलेल्या अंड्यांतून पिल्ले निघण्यास सुमारे आठवडा लागतो, आणि ती मेण धरण्याआधी त्यांना गाठायचे असते. पुनरावृत्तीच्या बहुतेक तक्रारी माझ्या अनुभवात या दुसऱ्या आणि तिसऱ्या फवारणीपाशीच सुटतात.

माव्यासाठी इतकेही करावे लागत नाही. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारला की बहुतेक मावे खाली पडतात, आणि त्यांची सोंड तुटली तर ते पुन्हा चढून रस शोषू शकत नाहीत. हे दर दोन-तीन दिवसांनी केले, शेंडा खुडला आणि खत थांबवले, तर घरच्या वालाला औषधाची गरज सहसा पडत नाही.

मुंग्यांसाठी कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. त्या पाण्यात साबणाचे काही थेंब अवश्य टाकावेत, अन्यथा डासांची पैदास होईल. झाडाची फांदी भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असेल तर ती छाटावी, नाहीतर वाट्यांचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात हवेत ओलावा असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात फवारता येते. ती उन्हाळ्यात वाया जाते, आणि तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारले तर तीही मरते. मित्रकीटक विकत आणून सोडायचे असतील तर मुंग्यांचा बंदोबस्त झाल्यावर आणि शेवटच्या फवारणीनंतर काही दिवस जाऊ देऊनच सोडावेत.

मुळांवर कीड असेल तर माती पूर्ण झटकून मुळे साध्या पाण्याने धुवावीत, बाधित बारीक मुळे कापावीत, कुंडी साबणाने घासून कडक उन्हात वाळवावी आणि नव्या मातीत झाड लावावे. जुनी माती काळ्या प्लास्टिकखाली भर उन्हात काही आठवडे तापवल्याशिवाय दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

हे सगळे नीट करूनही एखादे झाड सलग दोन हंगाम किडीने भरत असेल आणि त्याची जाडसर सालही भेगांतून पांढरी दिसत असेल, तर ते झाड काढून टाकणे शेजारच्या झाडांच्या हिताचे असते. काढण्यापूर्वी निरोगी दिसणाऱ्या फांदीचे छाटकलम घेऊ नये, कारण डोळ्यांना न दिसणारी पिल्ले त्यासोबतच नव्या कुंडीत जातात. संपूर्ण झाड मुळांसकट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावे, पिशवी निदान आठवडाभर उन्हात ठेवावी आणि त्यानंतरच ओल्या कचऱ्यात द्यावी. घरच्या कंपोस्टच्या ढिगात ते झाड घालू नये.